‘आज पाय जमिनीला लागले नाहीत’ : अ‍ॅनफील्डच्या जुन्या कॉपवर उभे राहिलेल्यांना एक विचारणा

पाऊलवाट :

सर्वांना नमस्कार. माझे वडील डॉक्टर होते आणि १९७५ ते १९७९ ही चार वर्षे त्यांनी लिव्हरपूलमधल्या एका रुग्णालयात काढली. सुट्टीचा शनिवार मिळाला की ते लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफील्डवर सामना पाहायला जात, एवढेच मला लहानपणापासून ऐकून माहीत होते. त्याहून अधिक त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही कधी खोदून विचारले नाही, याची आता चुटपुट लागून राहिली आहे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचे कपाट आवरताना १९७७ सालची, खिशात मावेल एवढी एक डायरी सापडली. तिच्या बहुतेक पानांवर रात्रपाळ्यांच्या वेळा, घरी पाठवलेल्या पैशांचे आकडे आणि पत्रे टाकल्याच्या तारखा आहेत. १६ मार्चच्या पानावर मात्र एवढेच लिहिले आहे : ‘सेंत एतियेन ३-१. आज पाय जमिनीला लागले नाहीत.’

सामन्याची माहिती मिळवणे अवघड नव्हते. युरोपियन चषकाची उपांत्यपूर्व फेरी होती, फ्रान्समधली पहिली लढत लिव्हरपूलने एका गोलाने गमावली होती आणि दुसरी त्या बुधवारी रात्री अ‍ॅनफील्डवर झाली. परंतु वडिलांच्या त्या वाक्याचा उलगडा एवढ्यावरून होत नाही. या हिवाळ्यात मी स्वतः अ‍ॅनफील्डला जाऊन आलो. गळ्यात वडिलांचा लाल मफलर घालून मुद्दाम कॉपमध्येच, म्हणजे एका गोलमागच्या प्रेक्षकांच्या बाजूला, बसलो. सामना सुंदर झाला, गाणी मनापासून म्हटली, पण माझ्या जागेला क्रमांक होता, पुढे-मागे खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि माझे पाय सगळा वेळ जमिनीवरच होते.

वडिलांच्या वेळचा कॉप म्हणजे ‘टेरेस’ होता. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची; इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र उतरत्या पायऱ्यांच्या, खुर्च्या नसलेल्या, उभ्याने सामना पाहण्याच्या भागाला तो शब्द आहे. १९९४ पूर्वी त्या पायऱ्यांवर उभे राहिलेले कोणी इथे असतील, तर त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. वडिलांचे ते वाक्य केवळ आनंदाच्या भरातले आहे, की तिथे खरोखरच तसे काही होत असे?


मर्सीकाठ :

पाऊलवाट, तुमच्या वडिलांनी त्या रात्री जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवले आहे, त्यात अलंकार काही नाही. मी १९७३ पासून अकरा वर्षे लिव्हरपूलच्या गोदीजवळच्या एका कार्यालयात नोकरीला होतो आणि त्या बुधवारी मीही त्याच पायऱ्यांवर होतो. कोण जाणे, तुमचे वडील माझ्यापासून चार हातांवरही उभे असतील.

आधी जागेची कल्पना देतो. वॉल्टन ब्रेक रोडच्या बाजूच्या गोलमागे १९०६ साली राख-मातीचा भराव घालून हा चढ तयार केला. १९२८ साली तो वाढवून त्यावर अवाढव्य छप्पर घातले, तेव्हा एकट्या त्या बाजूला तीस हजारांच्या आसपास माणसे मावत. माझ्या वेळेपर्यंत ती संख्या कमी केली होती, तरीही मोठ्या सामन्याला वीस हजारांहून अधिक माणसे एकाच छपराखाली खांद्याला खांदा लावून उभी असत. साध्या शनिवारी आगाऊ तिकीट काढावे लागत नसे. नाणी मोजून द्यायची, फिरते फाटक कमरेला टेकत आत शिरायचे आणि जिना चढून वर आले की हिरवेगार मैदान एकदम खाली पसरलेले दिसायचे. ते पहिले दर्शन मला आजही जसेच्या तसे आठवते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. चेंडू आमच्या बाजूच्या गोलजवळ आला की मागच्या प्रत्येकाला तो पाहायचा असे, म्हणून तो चवड्यांवर उभा राहून पुढे झुके. एकाचा भार पुढच्यावर, त्याचा त्याच्या पुढच्यावर असे होत होत सगळा जमाव एका अंगाने खाली सरके. हा रेटा आला की तुमच्या इच्छेला काही अर्थ उरत नसे. दोन्ही बाजूंच्या माणसांमध्ये तुम्ही इतके घट्ट धरलेले असत की पाय उचलले जात आणि आठ-दहा पायऱ्या तुम्ही त्यांना स्पर्श न करता खाली जात. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये दादरला ज्यांना गर्दीने उचलून आत ठेवले आहे, त्यांना याची थोडी कल्पना येईल. फरक इतकाच, की कॉपवर ओहोटीही येत असे. चेंडू दूर गेला की तीच गर्दी तुम्हाला अलगद मागे घेऊन जाई आणि बरेचदा तुम्ही पूर्वीच्याच शेजाऱ्यांजवळ येऊन पोहोचत.

या पायऱ्यांवर ठिकठिकाणी कमरेच्या उंचीचे लोखंडी कठडे होते. रेटा एका दमात खालपर्यंत जाऊ नये यासाठी ते बसवलेले होते. पहिल्या महिन्यात मी अजाणतेपणी अशाच एका कठड्याच्या वरच्या बाजूला, त्याला पोट टेकवून उभा राहिलो आणि पहिल्याच रेट्यात माझा श्वास कोंडला. शेजारच्या एका वयस्क गोदी कामगाराने मला खांद्याला धरून कठड्याखालून पलीकडे ओढले आणि एकच गोष्ट समजावली : लोखंड पोटाशी नको, पाठीशी हवे. पाठीशी कठडा असला की मागचा भार तो पेलतो आणि तुम्ही सुरक्षित राहता. त्यानंतर अकरा वर्षे मी त्याच कठड्यापुढे उभा राहिलो.


पाऊलवाट :

काका, वाचताना अंगावर काटा आला. मनापासून आभार. माझे वडील जेमतेम पाच फूट चार इंच उंच होते. त्यांना त्या गर्दीत सामना दिसत तरी असेल का? आणि कोणी पडले किंवा कोणाला भोवळ आली, तर काय करत?


मर्सीकाठ :

संपूर्ण सामना कोणालाच दिसत नसे. दोन डोक्यांमधल्या फटीतून मैदानाचा जो तुकडा मिळे तो पाहायचा आणि उरलेला सामना कानांनी समजून घ्यायचा. पलीकडच्या टोकाला गोल झाला तर तो आम्हाला आवाजावरूनच कळे. माझ्यासारख्या साधारण उंचीच्या माणसाला तर रेटा हवाहवासा वाटे, कारण त्यात क्षणभर का होईना, वर उचलले जाऊन गोल समोर दिसत असे.

भोवळ येणे नेहमीचेच होते. कोणी शुद्ध हरपल्यासारखा दिसला की आसपासची माणसे त्याला आडवा उचलत आणि डोक्यांवरून, हातोहात, अगदी खालपर्यंत पोहोचवत, जिथे प्रथमोपचाराचे स्वयंसेवक उभे असत. लहान मुलांनाही असेच पुढे पाठवत. मुलांसाठी कोपऱ्यात जाळीने वेगळा केलेला एक भाग होता आणि तिथली धीट मुले छपराच्या लोखंडी सांगाड्याला धरून मोठ्यांच्या बाजूला उतरण्याची खटपट करत. गैरसोयींविषयीही लिहिले पाहिजे. एकदा मध्यभागी उभे राहिलात की स्वच्छतागृहापर्यंत जाणे अशक्य असे आणि त्यामुळे लोक जे करत त्याचा वास त्या पायऱ्यांना कायमचा लागलेला होता. गोऱ्या चेहऱ्यांच्या त्या गर्दीत आपल्यासारखा सावळा चेहरा क्वचितच दिसे. दोनदा मला उद्देशून शिवी आली. दोन्ही वेळा माझ्याच शेजाऱ्यांनी त्या माणसाला गप्प केले, पण शिवी आली होती हे मी विसरलेलो नाही.

असे असूनही मी प्रत्येक शनिवारी जात राहिलो, त्याचे कारण ती गाणी आणि ती माणसे. साठच्या दशकाच्या आरंभी, लिव्हरपूलच्या गायकवृंदांची कीर्ती जगभर पसरत असताना, कॉपने ती गाणी उचलली आणि सामन्यात एकमुखाने म्हणायला सुरुवात केली. क्लबचे आजचे सुप्रसिद्ध गीतही १९६३ सालापासून तसेच रुजले. डिसेंबरातल्या ओल्या रात्री प्रकाशझोतांत पाहावे, तर भिजलेल्या हजारो कोटांमधून वाफ वर चढत असे आणि त्या धुक्यासारख्या पडद्यातून ते गीत बाहेर येई. प्रतिस्पर्धी संघाचा गोलरक्षक आमच्या बाजूला धावत आला की कॉप त्याचे टाळ्यांनी स्वागत करी आणि तोही हात उंचावून प्रतिसाद देई. शत्रूच्या गोलरक्षकाचा असा मान राखला जातो, हे मी तिथेच प्रथम पाहिले.

त्या बुधवारी मी दुपारीच रांगेत उभा राहिलो होतो. सामन्याच्या बऱ्याच आधी फाटके बंद झाली आणि हजारो लोक बाहेरच राहिले. दुसऱ्याच मिनिटाला केव्हिन कीगनचा गोल झाला. उत्तरार्धात फ्रेंचांनी बरोबरी साधली आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमामुळे (दोन्ही लढतींचे गोल मिळून बरोबरी झाली, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई) आता आम्हाला आणखी दोन गोल हवे होते. रे केनेडीने एक केला. शेवटची काही मिनिटे उरली असताना बदली खेळाडू डेव्हिड फेअरक्लफ चेंडू घेऊन थेट आमच्या दिशेने धावत सुटला. ८४ व्या मिनिटाला त्याने चेंडू जाळ्यात मारला, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि त्यानंतर मात्र काहीच पाहिले नाही. भानावर आलो तेव्हा माझ्या कठड्यापासून मी कितीतरी पायऱ्या खाली होतो, एक अनोळखी म्हातारा माझ्या मानेला मिठी मारून रडत होता आणि माझ्या ओव्हरकोटाची वरची दोन बटणे तुटून गेली होती. सामना संपल्यावर पायऱ्यांवर बटणे, मफलर, एकेकटे बूट असे पुष्कळ काही पडलेले असे.


टेहळणीनाका :

या नावामागची हकिगत अनेकांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात लिहितो. ‘स्पिऑन कॉप’ म्हणजे टेहळणीची टेकडी. ती दक्षिण आफ्रिकेत आजच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात आहे. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातली मोठी लढाई तिथे झाली. ब्रिटिशांचा पराभव झाला आणि त्यांच्या बाजूने पडलेल्यांमध्ये लँकशायरच्या पलटणींचे सैनिक मोठ्या संख्येने होते, म्हणजे लिव्हरपूलच्या आसपासच्याच घरांतली मुले. १९०६ साली अ‍ॅनफील्डचा नवा चढ उभा राहिला तेव्हा अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा-संपादकाने त्याला ते नाव सुचवले. त्याच टेकडीवरून जखमींना झोळ्यांत घालून खाली आणणाऱ्या हिंदी शुश्रूषापथकात मोहनदास गांधी होते. पथकात सुमारे ११०० हिंदी माणसे होती. कॉपवर हातोहात खाली पोहोचवलेल्या माणसांविषयी मर्सीकाठ यांनी लिहिले आहे, ते वाचताना मला त्या झोळ्या आठवल्या.


आंबोलीची :

मी १९८६ ते १९९५ लिव्हरपूलमध्ये राहिले. पतीची नोकरी तिथे होती आणि मी एका प्रयोगशाळेत काम करत असे. मर्सीकाठ काकांनी लिहिलेले सगळे खरे आहे आणि त्यातला आनंदही खरा आहे. तरीही मला यात काही भर घातल्याशिवाय राहवत नाही, कारण पाऊलवाट यांच्या वडिलांचे पाय ज्या रेट्याने जमिनीवरून उचलले गेले, त्याच प्रकारच्या भाराने बारा वर्षांनी माणसे गेली.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफ. ए. चषकाचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दिलेल्या टोकाच्या पायऱ्या लोखंडी कुंपणांनी लहान लहान कप्प्यांत विभागल्या होत्या आणि पुढेही, मैदानाच्या बाजूला, उंच कुंपण होते. बाहेर झालेली कोंडी फोडण्यासाठी पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले, परंतु आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढे कुंपण, बाजूला कुंपण आणि मागून येणारी माणसे. इथे ओहोटी नव्हती. त्या घटनेने ९७ जणांचा बळी घेतला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. तो खोटा होता हे २०१६ साली ज्युरीने स्पष्ट सांगेपर्यंत त्या कुटुंबांना सत्तावीस वर्षे झगडावे लागले.

दुसऱ्या दिवशीपासून अ‍ॅनफील्डची दारे लोकांसाठी उघडली. मी तोवर कधीही सामना पाहिला नव्हता. त्या आठवड्यात कामावरून परतताना रांगेत उभी राहून मी प्रथम आत गेले. कॉपपुढच्या गोलपासून फुले ठेवायला सुरुवात झाली होती आणि ती मैदानाच्या मध्यापर्यंत पसरत चालली होती. कॉपच्या पायऱ्यांवर, काका ज्यांविषयी लिहितात त्याच लोखंडी कठड्यांना, लोकांनी मफलर बांधले होते. ज्याचा माणूस ज्या कठड्याजवळ दर शनिवारी उभा राहत असे, तो कठडा त्याच्या घरच्यांनी बरोबर ओळखला होता. एका कठड्याला शाळेचा टाय बांधलेला होता आणि खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाने भिजू नये म्हणून, एक चिठ्ठी ठेवलेली होती. पुढच्या शनिवारी शहरातल्याच निळ्या रंगाच्या प्रतिस्पर्धी क्लबच्या, एव्हर्टनच्या, गुडिसन पार्क मैदानापासून स्टॅनली पार्क ओलांडून अ‍ॅनफील्डपर्यंत निळ्या आणि लाल मफलरांची अखंड साखळी बांधली गेली. तीन वाजून सहा मिनिटांनी, म्हणजे हिल्सबरोचा सामना थांबवला गेला त्याच वेळेला, सारे शहर स्तब्ध उभे राहिले.

न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर सर्वत्र खुर्च्या बसवण्याचे ठरले. त्याप्रमाणे ३० एप्रिल १९९४ हा कॉपवर उभे राहण्याचा शेवटचा दिवस ठरला. त्या दिवशी मी पतीबरोबर तिथे उभी होते. क्लबचे गाजलेले माजी व्यवस्थापक बिल शँक्ली आणि बॉब पेस्ली यांच्या पत्नी, त्यांच्यानंतरचे व्यवस्थापक जो फेगन यांच्यासह मैदानावर आल्या तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई हुंदके देत होत्या. लिव्हरपूल त्या दिवशी नॉरिचकडून ०-१ हरले, जेरेमी गॉसचा गोल, आणि त्याचे फारसे कोणाला वाईटही वाटले नाही. सामना संपल्यावर कितीतरी वेळ लोक हलायला तयार नव्हते. त्या बाईंचा मुलगा हिल्सबरोहून परत आलेला होता. मुलाचा मित्र आला नव्हता. त्या मला म्हणाल्या, की या पायऱ्या जायलाच हव्यात आणि त्या जाताना मला पाहवत नाहीत. दोन्ही वाक्ये त्यांनी एकाच दमात उच्चारली होती.


पंचगंगा ते रूर :

मी मूळचा कोल्हापूरचा. पेठांच्या आणि तालमींच्या चुरशीत, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वडिलांच्या शेजारी बसून फुटबॉल पाहायला शिकलो. गेली नऊ वर्षे जर्मनीत डॉर्टमुंडला नोकरी करतो. इथल्या फुटबॉल मैदानाच्या दक्षिणेकडच्या बाजूला आजही २४,४५४ माणसे उभ्याने सामना पाहतात आणि मी त्यांतला एक आहे. जागा क्रमांकाची नसल्यामुळे दोन तास आधी जातो. ते तिकीट खुर्चीच्या तिकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने कारखान्यातला शिकाऊ मुलगा आणि निवृत्त खाणकामगार माझ्या आजूबाजूला असतात. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. इंग्लंडने खुर्च्या बसवल्या हे योग्यच केले असेल, पण त्यानंतरच्या वर्षांत तिकिटांचे दर ज्या वेगाने चढले त्यामुळे पूर्वीचा प्रेक्षक घरी बसला. त्याचे दुःख तिथले जुने लोक अजून बोलून दाखवतात आणि ते मला पटते.

आंबोलीची ताई, तुमचे लिखाण वाचून मी बराच वेळ थांबलो. इथे मैदानाच्या बाजूला आम्हाला कोंडणारे कुंपण नाही, कठडे जवळजवळ आहेत आणि प्रवेशाची संख्या काटेकोरपणे मोजली जाते. गोल झाला की धक्का बसतो, बिअर अंगावर सांडते, दोन-तीन पायऱ्या खालीही जातो. पण काकांनी वर्णन केलेला, माणसाला उचलून नेणारा रेटा मी अनुभवलेला नाही. तो नाही, हे चांगलेच आहे.

पाऊलवाट, २०२१ साली कॉपच्या काही भागात प्रत्येक रांगेला कमरेइतका लोखंडी कठडा असलेल्या खुर्च्या बसवल्या आहेत, त्यामुळे उभे राहणाऱ्याला आधार मिळतो आणि पुढे कोसळण्याची भीती राहत नाही. पुढच्या वेळी त्या भागातले तिकीट मिळाले तर पाहा. वडिलांचा अनुभव तिथे येणार नाही, पण कठडा हाताशी येईल.


पाऊलवाट :

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. आंबोलीची ताई, तुम्ही लिहिलेत ते बरे केलेत. बाबांनी भारतात परत आल्यावर या सामन्यांविषयी बोलणे का टाळले असेल, याचा विचार मी काल रात्रभर करत होतो. १९८९ च्या एप्रिलमध्ये मी सात वर्षांचा होतो आणि बाबा रेडिओ कानाशी धरून अंधारात बसले होते, एवढेच मला आठवते. कशाच्या बातम्या होत्या हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही.

मर्सीकाठ काका, तुमचा बटणांचा मजकूर मी आज सकाळी आईला वाचून दाखवला. ती काही न बोलता उठली आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेतून बाबांचा इंग्लंडमधला काळा ओव्हरकोट काढून आणला. त्याला खालची तीन बटणे काळी आहेत आणि वरची दोन तपकिरी, आकाराने किंचित मोठी. ती म्हणाली, ‘त्या रात्री हे दीड वाजता घरी आले, कोट सताड उघडा. नवा कोट होता, पहिल्या पगारातला. मी विचारलं बटणं कुठं गेली, तर म्हणाले, राहिली तिकडेच.’ काळी बटणे तिला त्या गावात कुठेच मिळाली नाहीत, म्हणून तिने स्वतःच्या जुन्या स्वेटरची दोन काढून लावली होती. काका, तुम्ही त्या रात्री कोणत्या रंगाचा कोट घातला होता?